दहा मिनिटं पुढे

फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी आम्ही आखातात स्टेडियम बांधत होतो, तेव्हा साइटवरचा टाइमकीपर वसईचा होता. त्याच्या केबिनमधलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं आणि सगळ्यांची हजेरी त्याच घड्याळावर लागायची. मी अल सद्दमधल्या खोलीवरून धापा टाकत पोचलो, की हा लाल पेनाचं टोपण सावकाश काढायचा. "सात वाजून दहा, साहेब. उद्या वेळेवर, इन्शाल्ला." अशा तीन लाल खुणा झाल्या, की अर्ध्या दिवसाची रजा खलास. मी मोबाइल पुढे धरला, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "मोबाइल तुमचा. घड्याळ कंपनीचं."

जुलैत एकदा मी चिडून स्टुलावर चढलो आणि काटे मागे करायला लागलो. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "हात लावू नका! दुपारचा भोंगा मी यावरच वाजवतो."

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम होता. भोंगा झाला, की छपरावर तापलेली माणसं खाली उतरायची. म्हणजे रोज दहा मिनिटं आधी.

"आणि सुट्टी संपल्याचा भोंगा?" मी विचारलं. "तोही दहा मिनिटं आधीच होणार ना?"

"तेव्हा मी चहाला गेलेलो असतो," तो म्हणाला. "चहा फार गरम असतो साहेब. वेळ लागतो."

मी काटे होते तिथे आणून खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घड्याळाप्रमाणे मला पुन्हा उशीर झाला. पेनाचं टोपण मीच काढून दिलं.