चंदेरी ताडपत्रीवरची मोहफुलं

मामांनी अहेरीच्या बाजारातून चंदेरी ताडपत्री आणली आणि त्या वर्षी मोहफुलं अंगणातल्या मातीऐवजी तिच्यावर वाळायला पडली. फुलांना माती लागत नाही, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. मी भद्रावतीहून सुट्टीला आले होते. त्या घरात मी ऐकायची जास्त, बोलायची कमी.

काही दिवसांनी भर दुपारी मामीने मूठभर फुलं दाबून पाहिली. चिकट होती, आंबूस वास येऊ लागला होता.

"यंदा उनात दमच नाई," ती म्हणाली. "आज नाई वाळली तं फेकाच लागन सारी."

पहाटे उठून वेचलेली, वर्षभर पुरवायची फुलं होती ती.

मला ते पटेना. चप्पल काढून मातीवर पाय ठेवला, तर चटका बसला. ताडपत्रीला हात लावला, तर नुसती कोमट. तिच्याकडे बघताना डोळे मात्र दिपत होते. म्हणजे ऊन सगळीकडे सारखंच पोचत होतं. माती ते पिऊन तापत होती, ताडपत्री आल्या पावली परतवत होती. वरून येताना ऊन हवेला फारसं तापवत नाही, आधी जमीन तापते आणि मग तिच्यावरची हवा, हे मी शाळेत इंग्रजीत पाठ केलं होतं. ते तळपायाला आज कळलं.

"मामा, फुलं मातीवर पसरू या. ताडपत्रीवरून ऊन परत जातंय."

"परत जाते? कुठी, भद्रावतीले?" मामा हसले. "कॉन्व्हेंटवाली बोलली बाप्पा!"

माझे कान तापले, पण मी हटले नाही. "हात लावून बघा. आधी इथे, मग तिथे."

त्यांनी ताडपत्री चाचपली. मग मातीवर तळवा टेकवला आणि झटकन उचलला.

"हासा आता," मामी म्हणाली. तिने अंगण झाडायला घेतलंसुद्धा.

पातळ पसरलेली फुलं संध्याकाळपर्यंत सुरकुतली. मामीने एक चावून पाहिलं आणि मान डोलावली. मामा ताडपत्रीची घडी घालू लागले.

"ताडपत्री रात्री फुलांवर झाका," मी म्हटलं. "दव लागणार नाही, मातीची ऊबही टिकेल."

"इतके दिवस चूप काऊन होती व तू?" मामीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी फुलं हातात खुळखुळली. मामा कुंपणापाशी शेजाऱ्याला सांगत होते, "रातच्याले झाकाची हाय ही. ऊब धरून ठेवते."

मी ऐकत उभी राहिले.