राज्याबाहेरची चटणी

माही जवसाची चटणी नागपूर, पुणे, नाशिक फिरून आली. मी मात्र रिसोडच्या आमच्या सयपाकघरातच. ऑनलाइन दुकानातून पाकीट जाये, त्याच्यावर माहं नाव छापलेलं राहे. लग्नाच्या पत्रिकेनंतर कुठंच न छापलेलं नाव! मले त्याचा लय तोरा होता, खोटं कायले बोलू?

मग हैदराबादच्या एका बाईनं वीस पाकिटं मागवली अन् ऑनलाइन दुकानानं ऑर्डर अडवली. टॅक्सवाल्या वकिलानं समजावलं, "महाराष्ट्रात विकता तोवर तुमच्यासारख्या लहान धंद्याले जीएसटी नंबर लागत नाही. राज्याबाहेर एक पाकीट जरी गेलं, तरी नंबर पाहिजे." नंबरासाठी जागेचा कागद पाहिजे. घर, लाइट बिल, सगळं भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या नावावर. त्याइच्या संमतीची सही लागन.

आता घ्या! आमच्यात सून भासऱ्याशी बोलत नाही. चौदा वर्षांत मी त्याइच्याशी एक शब्द बोलली नोती. काही सांगायचं असलं तं दाराआडून भिंतीले सांगायचं, "मीठ कमी असंन तं मागून घ्या म्हणा." सहीचंही तसंच सांगितलं. माणूस वाईट नाही तो. पण उत्तर दिलं माह्या नवऱ्याले, "सरकारी भानगडीत घरची बाई कायले? नंबर माह्या नावानं काढ. तिले सांग, तू चटणी करत राह्य."

मी नवऱ्यावर भडकली. "तुमच्या तोंडात मूग होते काय?"

"दादाले कसं नाही म्हणू?" एवढंच बोलले हे.

नाही म्हणावं तं ऑर्डर जाते, हो म्हणावं तं धंदाच जाते. इकडं आड, तिकडं विहीर. घरातल्या घरात जीव कोंडून राह्यला होता माहा. मनाले समजावलं, नंबर तं येऊ दे, नावाचं मागून पाहू. अर्ज भासऱ्याच्या नावानं गेला. चूक झाली ते इथंच.

एका दुपारी जीएसटी ऑफिसातून साहेब जागा पाह्याले आले. भासरे दारापुढच्या ओट्यावर बसले होते. साहेबानं मिक्सर पाह्यला, पाकिटं पाह्यली, माह्या हाताले लागलेलं तिखट पाह्यलं अन् मलेच विचारलं, "बाई, हा धंदा कोणाचा?"

भासऱ्यासमोर तोंड उघडून 'माहा' म्हणू? साहेबानं पुन्हा विचारलं. बोलाची बंदी होती, हात हलवाची नोती. मी पदर पुढं ओढला अन् ओट्याकडं बोट केलं.

"बरं," म्हणत साहेबानं लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "तुम्ही इथं कामाला असता का?"

मी मान हलवली. हो.