फळीवरचा तळहात

आगरदांड्याच्या बंदरावरचा तो सुतार जन्माचा बहिरा. फळी आतून सडलीय की धड आहे, हे बाकीचे सुतार हातोडी मारून आवाजावरून ओळखत. हा एका हातानं हातोडी मारी, आणि दुसरा तळहात फळीवर टेकून डोळे मिटून घेई.

आमच्या शेटनं गलबत दुरुस्तीला काढलं, पण त्याला घेतलं नाही. "बहिऱ्याला हाका कोण मारीत बसंल?"

तरी तो आला. बाकीच्यांनी धड ठरवलेल्या फळ्यांवर हात टेकून एकेक ठोकत गेला. एका फळीशी थांबला आणि तिच्यात पटाशी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. कुणाकडेही न बघता त्यानं पटाशी पुसली आणि तो चालू लागला.

"अरे, उद्यापासनं कामाला ये!" शेट त्याच्या पाठीमागून ओरडला. दोनदा ओरडला. मग आम्हाला म्हणाला, "मस्ती बघा! काम देतोय तर वळून बघत न्हाय."

पुढं कितीतरी वर्षं शेट बंदरभर हेच सांगत होता, "मी दिलं होतं काम, त्यालाच नको होतं." माणसं माना डोलवायची.

वीस पावलं धावून त्याच्या खांद्याला हात लावायचा, एवढंच काम होतं. मी शेटचा कारकून. दोन्ही कान शाबूत असून जागचा हललो नाही.