शांत गटातले बेडूक

प्रयोगशाळेत बेडकांची देखभाल करणाऱ्या ताईंना बावीस वर्षांत कुणी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी सरांच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, तसा अख्खा मजला दाराशी गोळा झाला.

सरांचा अभ्यास भीतीवर होता. बेडकाच्या मूत्रपिंडाला चिकटून अधिवृक्क ग्रंथीची पिवळसर पट्टी असते. जीव घाबरला की तिथली काही पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारखी छोटी रसायनं, वाढतात. ती सरांना मोजायची होती. तीस बेडकांना मुद्दाम हलवून, हाताळून त्रास द्यायचा, तीस शांत ठेवायचे, मग साठही मारून ग्रंथी तपासायच्या. ताईंना हे कधीच रुचलं नाही. पण निदान मेलेल्यांचं चीज व्हावं, एवढंच त्या म्हणत.

आकडे हाती आले, तर दोन्ही गट सारखेच. शांत ठेवलेलेही भेदरलेले!

"ताई, तुम्हीच टाक्यांशी खुडबुड केली असणार," सर प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले. "वाटोळं केलंत प्रयोगाचं."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक बेडकांच्या खोलीत गेल्या आणि नोंदवही आणून त्यांनी सरांच्या टेबलावर आपटली.

"वाचा! भिंतीपलीकडे नवा कॉम्प्रेसर बसला त्या दिवसापासून वाचा. 'दर पंधरा मिनिटांनी टाक्या थरथरतात. शांत गटातले बेडूक कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. खात नाहीत.' तीनदा लिहिलंय. खाली सह्या कुणाच्या?"

सरांनी पानं उलटली. सह्या त्यांच्याच होत्या.

"मी... वाचलं नव्हतं."

"मग सही कशाला ठोकलीत? चार बुकं कमी शिकले, म्हणजे मला डोळे नाहीत? तुमचं काय गेलं हो? पुन्हा प्रयोग कराल. जीव त्या साठांचा गेला, फुकट!"

सरांनी माफी मागितली. ताई बधल्या नाहीत. "आधी कॉम्प्रेसर हलवा. महिनाभर खोली शांत राहिली असं मी लिहून देईपर्यंत एक बेडूक आत येणार नाही."

कॉम्प्रेसर हलला. नवे साठ आले, आणि या खेपेस आकडे स्वच्छ निघाले. सरांनी सगळ्यांसमोर ताईंचे आभार मानले.

"झालं ना नीट?" घरी नवरा म्हणाला. "आता तरी सोड राग."

"कसा सोडू?" हातातलं ताट त्यांनी दाणकन ठेवलं. "साठांत भागलं असतं. एकशेवीस गेले."