चाबूक वाजला की गूळ

ठकुबाईनं डूख धरला होता, आणि मी सांगते, बरोबर धरला होता. लोक म्हणतात, बाईमाणसानं एवढा राग मनात ठेवू न्हाय. खड्ड्यात गेले ते लोक. ज्यांच्या घोडीचा डोळा फुटला न्हाय, त्यांनी ठकूला शहाणपण शिकवायला येऊच न्हाय.

आम्ही दोघी नारपोलीत भिंतीला भिंत लावून राहायचो. मी गुणाबाई, सुकी मासळी विकणारी, आणि ती गवत विकणारी. खोल्यांच्या मागंच कापड विणायच्या लूमचा कारखाना, दिवसभर खडखड खडखड. त्या आवाजावर चढून बोलायची सवय लागल्यामुळं आम्ही कालवणात मीठ किती घालायचं ते बोललो तरी समोरचा अन्सारी चाचा बाहेर येऊन विचारायचा, "क्या हुआ बहनजी, झगडा हुआ क्या?"

ठकूचा नवरा राघो टांगा चालवायचा. रिक्षा वाढल्या तसे टांगे बसले, आणि आळीतल्या सगळ्यांनी आपापली घोडी विकून टाकली. राघोनंही विकायला काढली होती. ठकू तबेल्याच्या दारात आडवी झाली. त्या घोडीचं नाव कापशी, पांढरीधोप होती म्हणून. तिची आई पोटशूळ होऊन मेली तेव्हा हे शिंगरू धड उभंही राहत नव्हतं. ठकूनं म्हशीचं दूध पाजून ते जगवलं होतं. मग टांग्याची गाडी मोडून गवताची गाडी केली. ठकू उजाडताना पडघ्याकडच्या माळावर जायची, गवत कापून गाडी भरायची आणि म्हशींच्या तबेल्यांना घालायची. हातात कधी काठी न्हाय की चाबूक न्हाय. जिभेनं नुसतं टक् टक् केलं की कापशी चालायला लागायची, आणि मोकळी गाडी असली की अशी पळायची की डोळ्यांत वारा जायचा.

हे पळणं पंढरीशेठच्या नजरेत भरलं, आणि तिथंच सगळं नासलं.

पंढरी आमच्यातलाच. बापानं आयुष्यभर चिखल तुडवून भात लावला, त्या जागेवर ह्यानं गोडाऊनं उठवली आणि शेठ झाला. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट, आणि नाद शर्यतींचा. भात कापून शेतं मोकळी झाली की पडघ्याकडं घोडागाड्या पळतात. हलकी गाडी, एक घोडा, वर एक माणूस. राघोचा तबेला, म्हणजे चार पत्रे उभे केलेला आडोसा, पंढरीच्याच मोकळ्या जागेत होता. त्यामुळं शेठ घोडी मागायला आला तेव्हा राघोची न्हाय म्हणायची छाती झाली न्हाय. ठकू माळावरून परत येईस्तोवर त्यानं दोर हातात दिला पण.

पंढरीच्या चाबकाच्या टोकाला तारेचा तुकडा बांधलेला होता. सगळेच बांधतात, असं तो मागाहून म्हणाला, जसं काय सगळे बांधतात म्हणजे ते पुण्याचं काम झालं. शर्यतीत कापशी पहिली पळत होती. पहिली पळत असतानाही हा मेला तिला झोडपत होता, लोकांना दाखवायला. एक फटका पुढं गेला आणि तार डाव्या डोळ्यात बसली. तरी ती पळाली हो. पळाली आणि जिंकली. आणि ह्यांनी काय केलं? डोळ्यातून रक्त गळत असलेल्या घोडीच्या तोंडाला गुलाल फासला आणि तिच्यापुढं नाचले.

संध्याकाळी आळीत आणून सोडली. दोर राघोच्या हातात देत पंढरी म्हणाला, "जनावर हाय. व्हतं असं कधी कधी."

मी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. ठकू कापशीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत राहिली. फडकं लाल झालं, त्यात गुलाल किती आणि रक्त किती ते कळेना. तिच्या गप्प राहण्याचंच मला भय वाटलं. ओरडणाऱ्या बाईचं मला भय वाटत न्हाय.

जनावरांच्या डॉक्टरनं तो डोळा काढला. खाच भरली, पण घोडी पार बिघडली. मी धुतलेलं लुगडं झटकलं तरी त्या आवाजानं थरथर कापायची, उभ्या उभ्या मुतायची. लूमची खडखड तिला चालायची, पण 'फट्' असा आवाज आला की संपलं. मी लुगडी झटकायचीच बंद केली.

मग एके दिवशी मी ठकूबरोबर माळावर गेले तर काय बघते! बाईच्या हातात चाबूक. लूमच्या भंगारातला चामडी पट्टा उभा चिरून काठीला बांधलेला. तिनं तो हवेत फट्ट करून वाजवला. कापशी जागीच थिजली. ठकूनं चाबूक टाकला, तिच्या गळ्यात हात घातला आणि पदरातून गुळाचा खडा काढून तिला चारला. परत चाबूक, परत गूळ. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

पण त्या हिवाळ्यात घोडीचं थरथरणं गेलं. मग ठकू चालत्या गाडीवरून चाबूक वाजवायला लागली, आणि पुढं पळत्या गाडीवरून. चाबूक वाजला रे वाजला की कापशी चारी पाय रोवून उभी राहायची आणि मान वळवून गूळ शोधायची. अंगाला चाबूक एकदाही लागला न्हाय.

"तिची भीती घालवतेस व्हय गो?" मी विचारलं.

"भीती पण जाईल," ठकू म्हणाली. "पण तो परत येणार हाय, गुणा. हिच्यासारखी पळणारी त्याच्याकडं दुसरी कंची हाय? येऊ दे. हिला नेऊ दे. आणि भर शर्यतीत चाबूक वाजवू दे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी मला हसू फुटलं, मग कापशीकडं नजर गेली. "अगो, आणि त्यानं रागानं हिला तिथंच मारून टाकलं तर? त्याचं नाक कापायला हिचा जीव घालवशील?"

ठकूचा विळा थांबला. "मी असणार ना तिथं," ती म्हणाली, पण माझ्याकडं न बघता.

पुढच्या साली पंढरी आला. वज्रेश्वरीकडच्या लडकूला त्यानं चारचौघांत आव्हान दिलं होतं, मिशीला पीळ देऊन. आणि त्याचा स्वतःचा घोडा मारून मारून लंगडा झालेला. आळीत उभा राहून म्हणाला, "ठकू, झालं गेलं इसर. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"ने की शेठ," ठकू म्हणाली. मी बघतच राहिले, काय गोड बोलली बाई! "एकच सांगणं हाय. चाबूक लावायचा न्हाय. गावदेवीच्या देवळात चारचौघांपुढं नारळ उचल."

आमच्यात गावदेवीपुढं नारळ उचलला की तो शब्द मोडत न्हाईत. शेतीच्या बांधाची भांडणं त्याच्यावर मिटतात. पंढरी हसला, देवळात गेला आणि सगळ्या गावापुढं नारळ उचलून बोलला, "कापशीवर चाबूक उगारीन तर देवी बघून घेईल."

परत येताना मी चिडले. "आता ह्यानं शपथ पाळली तर जिंकेल ना मेला!"

"पाळली तर जिंकू दे. मी स्वतः त्याला गुलाल लावीन," ठकू म्हणाली. "पण मोडली तर घोडी खोडीची निघाली असं कोणी म्हणायचं न्हाय. खोड कोणाची ते गावानं बघितलं पायजे."

शर्यतीच्या दिवशी आम्ही दोघी शेताच्या शेवटच्या टोकाला, रेषेजवळ उभ्या राहिलो. ठकूच्या पदराच्या गाठीत गूळ होता आणि ती गाठ तिनं मुठीत आवळून धरली होती. राघोला बघवेना म्हणून तो शेताच्या कडेला उभ्या टेंपोमागं तोंड लपवून बसला. दोन गाड्या सुटल्या. कापशी पहिल्यापासून पुढं. काय पळत होती! पंढरीनं नुसतं बसून राहायचं होतं. गोडाऊनच्या गादीवर बसतो तसं बसला असता तरी जिंकला असता.

मग लडकूचा घोडा चाकाच्या बरोबरीला आला. पंढरीनं मागं वळून बघितलं, आणि मी त्याचा हात सदऱ्याखाली जाताना बघितला. चाबूक कमरेला गुंडाळलेला होता. म्हणजे शपथ मोडायची तयारी करूनच मेला घरातून निघाला होता! ठकूची बोटं माझ्या दंडात रुतली.

फट्ट!

कापशीनं चारी पाय रोवले. गाडी करकरली, आणि शेठ तिच्या मानेवरून उडून भाताच्या धसकटांत तोंडावर आपटला. लडकूची गाडी निघून गेली, जिंकली, पण तिच्याकडं बघतो कोण! सगळं शेत एका दमात हसलं, आणि मग एकदम गप्प झालं. नारळ सगळ्यांना आठवला असणार.

पंढरी उताणा झाला. उजवा हात कोपरातून वाकडा झाला होता, तरी चाबकाची दोरी त्याच मनगटाला गुंडाळलेली. कापशी गाडी ओढत त्याच्यावर येऊन उभी राहिली. चाबूक वाजला होता ना? तिनं मान खाली घातली आणि त्याच्या तोंडाला, छातीला, हाताला नाक लावून गूळ शोधू लागली.

"हटवा हिला!" पंढरी केकाटला. "पाय देईल माझ्यावर! हटवा रे!"

माणसं धावली. ठकू ओरडली, लूमवर चढणारा आमचा तो आवाज, "कोणी जवळ जायाचं न्हाय! परक्या माणसानं घोडी बुजेल. मीच येतंय." आणि ती निघाली. एवढी सावकाश चालताना मी तिला जन्मात बघितली न्हाय. एक हाक मारली असती तरी घोडी बाजूला झाली असती. तिनं हाक मारली न्हाय.

"ठकू, हटव गो हिला. पाया पडतो तुझ्या."

"हातात काय हाय ते पयलं सोड, पंढऱ्या."

आख्ख्या गावापुढं पंढऱ्या! त्यानं डाव्या हातानं धडपडत दोरी सोडवली. ठकूनं चाबूक पायानं बाजूला लोटला. मग खाली बसली, पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"दे तिला," ती म्हणाली. "चाबूक वाजवलास ना? आमच्यात चाबूक वाजला की गूळ देतात. तिला तेवढंच ठावं हाय."

त्यानं हात वर केला. कापशीनं ओठांनी अलगद खडा उचलला आणि चघळत तशीच उभी राहिली, तिच्या डाव्या डोळ्याची खाच त्याच्या तोंडापुढं. त्याला मान वळवता येईना, आणि ठकू उठेना. "बघ," ती म्हणाली. "नीट बघ." पंढरी रडायला लागला. लोक म्हणतात, त्याला पस्तावा झाला. मी म्हणते, हात मोडला होता म्हणून रडला. माझ्या मनात त्याच्याविषयी चांगलं काही येत न्हाय, आणि मी आणणार पण न्हाय.

तो परत कधी शर्यतीत उतरला न्हाय. पडघ्याच्या बाजारातून गेला की कोणीतरी तोंडानं 'फट्ट' करायचं, आणि रस्त्यातली माणसं चालता चालता जागच्या जागी उभी राहायची. तबेल्याची जागा त्यानं मागितली न्हाय. मागायला आमच्या आळीत यावं लागलं असतं.

नंतर एकदा मी ठकूला विचारलं. ती कापशीच्या फुटक्या डोळ्याच्या बाजूनं जवळ जात होती. त्या बाजूनं जाताना घोडी दचकू नये म्हणून ती लांबूनच बोलायची, "मी हाय गो, मी हाय," आणि मग मानेवर हात ठेवायची.

"झाला का गो जीव गार?" मी म्हटलं.

"डोळा आला काय हिचा?"

"न्हाय."

"मग न्हाय," ठकू म्हणाली, आणि तिला गवत घातलं.