तोंड उघडून दाखवा

“आजी, जरा तोंड उघडून दाखवा ना.”

माझ्या ऑफिसच्या मॅडम हे माइकवर म्हणाल्या. अंधेरीतल्या एका मोठ्या हॉटेलचा हॉल. गोल टेबलं, खुर्च्यांना पांढरे कपडे घातलेले. एसी इतका की हात गार पडले होते. स्टेजवर मॅडम आणि माझी आई.

आईनं तोंड उघडलं.

लोक हसले. वाईट हसले असं नाही. लहान पोर काहीतरी बोललं की मोठी माणसं हसतात, तसे. फोटोवाला पुढे आला, स्टेजखाली गुडघ्यावर बसला. म्हणाला, थोडं अजून. आईनं थोडं अजून उघडलं.

मी पुढच्याच एका टेबलाशी बसले होते. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. मला तेव्हा राग आला असं मी सांगणार नाही. काहीच आलं नाही. मी आईच्या पायांकडे बघत होते. चपला मावशीच्या होत्या, तिला मोठ्या होत होत्या. टाचेमागे रिकामी जागा दिसत होती. तेवढंच बघत राहिले.

आई मॅडमपेक्षा वयानं लहान आहे. हे मला मागाहून सुचलं. मॅडमचे केस काळे, दात सगळे जागच्या जागी. त्या मॅडम. आई आजी.

हे कसं झालं ते सांगते.

मी साकीनाक्याला एका संस्थेत कामाला होते. राहायला भांडुपला, डोंगरावरच्या चाळीत, मावशीकडे. ही संस्था गावाकडच्या गरीब घरांना थेट पैसे द्यायची. बाईच्या नावावर, बँकेच्या खात्यात, दोन हप्त्यांत. अट काही नाही. मॅडम प्रत्येक मीटिंगमध्ये हे सांगायच्या, आमची कसलीही अट नाही, लोकांवर आमचा विश्वास आहे. माझं काम फोनचं. पहिला हप्ता जमा झाला की त्या घरी फोन लावायचा आणि विचारायचं, या पैशाचं काय करायचं ठरवलंय?

लोक आधी घाबरायचे. पैसे परत मागतात की काय असं वाटायचं. मग हळूहळू बोलायचे. कुणी छपराला पत्रे घालणार. कुणी विहिरीवर पंप बसवणार. एक म्हातारा म्हणाला, लेकीला लग्न झाल्यापासून माहेरी आणली नाही, तिला दिवाळीला आणीन, लुगडं नेसवून पाठवीन. एक बाई म्हणाली, आठ दिवस कुणाच्या शेतावर जाणार नाही, नुसती घरात बसेन, पडून राहीन.

कॉम्प्युटरवर या सगळ्याला ठरलेले रकाने होते. शेती, जनावरं, शिक्षण, आजारपण, धंदा. यात जे बसत नाही ते ‘इतर’. लेकीचं लुगडं, इतर. घरात पडून राहणारी बाई, इतर. मॅडम म्हणायच्या, तुझ्याकडे इतर फार येतात गं, जरा खोदून विचारत जा. म्हणजे त्यांच्याकडून शेळी वदवून घेत जा. हे मला तेव्हाही कळायचं.

मग आमचा तालुका आला. आमचं गाव आलं, आमची वाडी आली, आणि त्यात आईचं नाव. मी मॅडमना आपणहून सांगितलं, कारण नाहीतर लोक म्हणाले असते हिनंच घुसवलं. मॅडम एकदम खूश झाल्या. झकास, म्हणाल्या. पैसे देणाऱ्यांचा मोठा कार्यक्रम होता अंधेरीला. तिथं एक बाई स्टेजवर आणायची होती, खरीखुरी गावातली. दुसरीकडे कुठं शोधत बसणार? तुझी आईच आण.

आईनं फोनवर एवढंच विचारलं की काय बोलायचं. मी म्हटलं, पैशाचं काय करणार ते विचारतील, जे करणार असशील ते सांग.

आई काजूच्या कारखान्यात बिया फोडते. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण त्याच्यावर झालं. बाप मी लहान असतानाच गेला. आईचे दात तरुणपणीच हलायला लागले. एकेक दुखायचा, गाल सुजायचा, मग तालुक्याला जाऊन काढून यायची. दात काढायला पैसे कमी लागतात. वाचवायला जास्त. वरचे पुढचे सगळे गेले, खालचे दोन-चार राहिले. आई तोंडावर पदर धरून बोलते. लोकांना वाटतं लाजाळू आहे. लग्नकार्यात जेवायला सगळ्यात शेवटी बसते, म्हणजे तिचं चावणं कुणी बघायला नको. सकाळी पेज, संध्याकाळी पेज. भाकरी केली तर आमटीत कुस्करून, भिजवून. आमच्या घरात दातांचा विषय कधी निघाला नाही. आईला दात हवेत, हे मला माहीतच नव्हतं. मी शेकडो बायकांना विचारलं होतं, पण आईला काय हवंय ते मला स्टेजवरून, माइकमधून कळलं.

मॅडमनी विचारलं, आजी, तुमच्या खात्यात पैसे आले, आता त्याचं काय करणार? आई पदराआडून काहीतरी पुटपुटली. मॅडमनी माइक तिच्या तोंडाजवळ नेला. नीट सांगा, सगळ्यांना ऐकू द्या.

आईनं पदर खाली घेतला.

“माका दात बसवूचे आसत,” ती म्हणाली.

मग ते हसणं झालं. आणि मग तोंड उघडून दाखवा.

नंतर जेवण होतं. आईनं भात घेतला, वर वरण, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. तिला शाल मिळाली होती. ती मांडीवर घडी करून ठेवलेली. मी विचारलं, बरं वाटतंय ना. म्हणाली, माणसं चांगली आहेत, एवढ्या मोठ्या माणसांनी माझं ऐकून घेतलं. तिला खरंच तसं वाटत होतं. मी तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आईला ऑफिसात आणायला सांगितलं. व्हिडिओ करायचा होता. छोट्या खोलीत खुर्ची मांडली होती, मागे कुंडी ठेवली होती, समोर स्टँडवर मोबाइल. मॅडम माझ्याशी बाजूला बोलल्या, पण आईला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. तिच्यासमोर बोललं तर चालतं असंच त्यांना वाटत असणार.

“हे बघ, दात ठीक आहेत गं. काल लोकांना क्यूट वाटलं. पण दातांत स्टोरी नाही. शेळ्या घेतल्या, पिल्लं झाली, घर उभं राहिलं, हे लोकांना पटतं. तू तिला दोन वाक्यं शिकव. तुला त्यांची भाषा येते.”

त्यांची भाषा. मॅडमचं माहेर दादरचं, सासर मुलुंडचं. दोन्ही घरी मराठीच बोलतात.

मी म्हटलं, तिला शेळ्या नको आहेत. मॅडम म्हणाल्या, अगं घ्यायच्या कुठे आहेत, फक्त म्हणायचंय. पैसे तिचेच, दातच बसवू दे तिला, कोण अडवतंय. मी म्हटलं, मग दातच म्हणू दे. मॅडमनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, ज्यांनी पैसे दिले त्यांना पैसा वाया गेला नाही असं वाटायला हवं ना, नाहीतर पुढच्या वर्षी कोण देईल? तुझ्याच गावाचं नुकसान.

तेवढ्यात आई खुर्चीतून म्हणाली की ती म्हणेल. शेळ्या म्हणेल, म्हशी म्हणेल, जे सांगाल ते म्हणेल. त्यात काय एवढं. कशाला वाद.

“बघ,” मॅडम म्हणाल्या. “आजींना काही प्रॉब्लेम नाही.”

आईनं पदर नीट केला. पाठ ताठ केली. मोबाइलकडे बघून हात जोडले. तिला कुणी हात जोडायला सांगितलं नव्हतं.

ते हात जोडणं बघितलं आणि माझ्या आत काहीतरी थांबलं. आग, ठिणगी, असलं काही नाही. पंखा बंद केल्यावर एकदम शांत होतं, तसं. मी पुढे गेले आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला.

“ही काही बोलणार नाही,” मी म्हटलं. “आणि कालचा फोटो कुठे लावू नका.”

मॅडमना आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यांचा आवाज बदलला. तू फार पर्सनली घेतेयस, म्हणाल्या. आम्ही देतो म्हणून विचारतो. देणाऱ्याला एवढा हक्क नाही का?

मी म्हटलं, “दिवाळीला तुम्हाला बोनस मिळाला. त्याचं काय करणार, हे तुम्हाला कुणी स्टेजवर उभं करून विचारलं होतं?”

“तो आमच्या कामाचा पैसा आहे,” मॅडम म्हणाल्या.

आईचे जोडलेले हात अजून तसेच होते. काजूच्या चिकानं कातडी जळून जळून बोटं काळी पडलेली. मला मॅडमना ती दाखवता आली असती. वाटलं, नाही. काल तोंड दाखवून झालं, आज हात कशाला दाखवायचे? आम्ही कितीदा आमचं अंग पुराव्याला काढायचं? मी गळ्यातलं आयकार्ड काढून कुंडीशेजारी ठेवलं आणि आईला ऊठ म्हटलं. आई उठेना. मॅडमकडे बघत होती, त्या काय सांगतात म्हणून. मला तिच्या दंडाला धरून ओढावं लागलं.

खाली बसस्टॉपवर आई माझ्यावर चिडली. मी चांगली नोकरी घालवली. शेळ्या म्हटल्यानं तिचं काय झिजलं असतं? आयुष्यभर ती हेच करत आली, समोरच्याला हवं ते बोलायचं आणि आपलं काम करून घ्यायचं. तिला अपमान झाल्यासारखं काही वाटलं नव्हतं, ना काल, ना आज. उलट माझीच लाज वाटत होती तिला. मी ऐकत होते. समोर वर्कशॉपमध्ये एक माणूस पत्रा कापत होता. तोंड उघडायला लावलं त्याहून हे जास्त लागलं, पण रडू आलं नाही. बस आली. आम्ही चढलो.

फोटो त्यांनी लावला. मी सांगितलं म्हणून कोण ऐकतंय. संस्थेच्या पानावर आला, तिथून कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला. आईचं उघडं तोंड, आणि खाली काहीतरी आशेबद्दल लिहिलेलं. कारखान्यातल्या बायका हसल्या. दुकानदार तिला बघून आ करायचा. काही दिवस पोरंही करायची. आई मला यातलं काही बोलली नाही, शेजारच्या काकीनं सांगितलं. मी आईला फोनवर म्हटलं, चल, आपण दातांच्या डॉक्टरकडे जाऊ, पैसे आहेत ना.

“माका आता नको ते,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

आता मी मालाडला एका कपड्यांच्या दुकानात बिलिंगला असते. पगार कमी आहे. दिवसभर बायका येतात, पिशव्या भरून घेतात, कार्ड काढतात. मी रक्कम सांगते. कशाला घेतलं, गरज होती का, असं मी कुणाला विचारत नाही. विचारलं तर मला त्याच दिवशी घरी पाठवतील.

दुसरा हप्ता मध्यंतरी आईच्या खात्यात आला. तिनं त्याचं काय केलं ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

गणपतीला गावी गेले तेव्हा वाडीतल्या बायकांना अंगणात बसवून सगळं सांगितलं. म्हटलं, संस्थेची बाई सर्वेला येणार आहे, पैशाचं काय केलं विचारायला. अट नाही असं त्यांनीच सांगितलंय, मग उत्तर द्यायची सक्ती नाही. कुणाला फोटो काढू द्यायची तर मुळीच नाही. काकीनं विचारलं, पुढचे पैसे बंद झाले तर? मी म्हटलं, होतील कदाचित. खोटं कशाला सांगू. दोघी-तिघी उठून गेल्या. एक म्हणाली, तुझं काय जातंय, तू मुंबईत. ते खरंच आहे. काकी बसून राहिली, आणखी काही जणी बसून राहिल्या. आई दारात उभी होती. आत गेली नाही, बाहेर आली नाही.

पैसे आले तर घेणार. कमीपणा नाही त्यात, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ते आमच्यासारख्यांच्या कष्टानंच जमलंय. पण शेळी घेतली, दात घेतले, लुगडं घेतलं की नुसतं पडून राहिलो, ते आमच्या चार भिंतींतलं. कुणी कितीही गोड बोलून विचारलं तरी त्याचा हिशेब आम्ही देणार नाही, आभारही मानणार नाही.

सर्वेवाली येणार त्या आठवड्याची मी सुट्टी मागितली आहे. नाही दिली तर बिनपगारी जाईन. बसून राहिलेल्या बायकांच्या ओळीत बसेन. आली की तिला बसायला चटई देऊ, पाणी देऊ, उन्हातून आली असेल तर गूळही देऊ.

उत्तर देणार नाही.