अळणी सोमवार

एकादशीच्या भगरीनं आमच्या गल्लीतली निम्मी घरं आडवी केली. लोह्याच्या दवाखान्यात आधी खाटा संपल्या, मग सतरंज्या. एक पुढारी येऊन गेले. सलाइन लावलेल्या प्रत्येक हाताशेजारी त्यांचा हात आला, फोटो निघाले, आणि प्रकृतीला जपा असं ते सगळ्यांना सांगून गेले. हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

मायला तिथं जागा मिळाली नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. प्रत्येक जुलाबामागे ओआरएसचं पाणी घोटघोट पाजा, म्हणाले. पिणं थांबलं किंवा भान सुटायला लागलं तर थांबू नका, नांदेडला हलवा.

घरी येऊन उकळून गार केलेल्या पाण्यात पुडी कालवली. मायनं पेल्याला जीभ लावली आणि तो बाजूला सारला.

"मीठ हाय यात. आज सोमवार हाय."

मायचा सोमवार अळणी असतो. मी रांगत होतो तेव्हा मुखेडकडच्या आमच्या गावात मला असेच जुलाब लागले होते. माझ्या आधीचा भाऊ त्यातच गेला होता. पाणी दिलं की जुलाब वाढतात असं थोरांचं मत, म्हणून त्याला पाणी तोडलं होतं. माझ्या वेळी एका सिस्टरनं थोरांचं ऐकलं नाही. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत राहिली आणि मी जगलो. मायनं श्रेय महादेवाला दिलं, सिस्टरला बहुधा चहा. लेकरू वाचलं म्हणून जन्मभर सोमवारी मीठ वर्ज्य. मिठानं वाचवलं आणि मीठच सोडलं, हा किस्सा मी चारचौघांत अनेकदा रंगवून सांगितला आहे.

दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. साधं पाणी ती प्यायची, पण नुसत्या पाण्यानं भागणार नाही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. मी तिला शास्त्र सांगितलं, मग आजारपणात व्रत माफ असतं हे धर्मशास्त्रही सांगितलं. बायको म्हणाली, तुमच्या व्याख्यानानं जुलाब थांबत असते तर गल्लीत कुणी आजारीच पडलं नसतं.

माय डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "माझं काय व्हायचं ते हू दे. मीठ खाल्लं अन् तुला काही झालं तर?"

मी पन्नाशीचा, टक्कल पडलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि माठाच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"त्याला दे आधी. कवाचा पाणी मागून राहिला."

कोपऱ्यात माठाशिवाय काही नव्हतं. तरी मी वळून पाहिलं. त्या भावाचा आमच्याकडे फोटो नाही, घरात त्याचा विषयही कधी निघत नसे. बायकोनं गाडीसाठी फोन लावला. मी एक पेला भरून माठापाशी नेऊन ठेवला आणि परत येऊन मायजवळ बसलो.

"माय, त्याला दिलं. आजपासून सोमवार माझा. मीठ मी सोडलं. तू पी."

"जन्मभर?"

"हाव."

तिनं तोंड वाकडं करून पहिला घोट घेतला. गाडी आली तेव्हा ती पीत होती. भान सुटलेलं पाहिल्यावर धोका नको म्हणून नेलंच, वाटभर पाजत पाजत. नांदेडहून परतली तेव्हा गाडीतून उतरून ती स्वतःच्या पायांनी घरात आली.

आता सोमवारी ती मीठ घातलेलं पिठलं खाते आणि माझ्या ताटावर नजर ठेवते. नवसांवर माझा विश्वास नाही, हे मी तेव्हाही सांगत होतो, आताही सांगतो. मध्यंतरी औशाला एका लग्नात सोमवारीच ताटावर बसलो. माय लांब होती, ओळखीचं कुणी बघत नव्हतं. वरणात बोटं घातली आणि लातूरला शिकायला असलेली मुलगी आठवली. हात धुऊन उठलो.

माठाजवळचा पेला कुणी उचलत नाही. रोज सकाळी मीच भरतो. उन्हाळ्यात त्यातलं पाणी लवकर कमी होतं. पाण्याची वाफ होते, हे मला ठाऊक आहे.